उभी बाटली, आडवी बाटली आणि पारावरची मंडळी

परतवाड्याहून बहिरमकडे निघालेल्या रस्त्याच्या आजूबाजूला लहान लहान गावे आहेत. त्यांतल्या एका गावच्या पारावर मी वर्षानुवर्षे बसत आलो आहे. नोकरी कृषी विस्तार अधिकाऱ्याची. सभेचा विषय कधी कपाशीवरची बोंडअळी, कधी संत्र्याची गळ. पण सभा संपली, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि चहा आला की खरी सभा सुरू होते. मग बोलणे देवावर येते, देवावरून सरकारवर आणि सरकारवरून नशापाण्यावर. या तिन्ही बाबतींत वऱ्हाडी माणूस कोणाची भीड ठेवत नाही.

रजिस्टरमध्ये न लिहिलेल्या या दुसऱ्या सभेचा वृत्तांत आज वाचकांपुढे ठेवतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. आपल्या गावात पाहिले तरी ही माणसे सापडतील.

देवाचा अर्ज

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. देवळाला नवा कळस बसवायचा म्हणून घरटी वर्गणी ठरली होती. पारावर एक टाळकरी बुवा बसतात. सत्तरी ओलांडलेली, एकादशी कधी चुकवली नाही. मंडळींना वाटले बुवा पहिले पैसे काढतील. बुवा म्हणाले, "देवानं कळसासाठी अर्ज देल्ला होता काय रे? आपन अतिवृष्टीच्या मदतीसाठी अर्ज देतो, तवा आपल्याले दहा कागद मांगते. देवाले मात्र बिनकागदाचं मंजूर! अन् शाळेतल्या पोरींच्या संडासाले दार नाई, त्याची वर्गनी कोन मांगते?"

सगळे हसले. दोघेतिघे रागावले. एकजण म्हणाला, "बुवा, देवाबद्दल असं बोलू नये."

मला मात्र वाटले, बुवा आपल्या जिल्ह्याच्या रीतीलाच धरून बोलले. गाडगेबाबा याच मुलखातले. १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी संपले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला माहेरी गेली. पुढे डेबूच्या घरी मूल झाले. बारशाला बकरे कापायचे आणि दारू पाजायची, अशी जातीची चाल होती. डेबूने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद चिडले असतील, पण ते जेवण आज आपण गौरवाने सांगतो. पुढे याच माणसाने गावोगाव रस्ते झाडले, नवसाचे बकरे आणि दारू यांवर कीर्तनातून कोरडे ओढले आणि लोकांच्या देवाला त्यांच्यादेखत प्रश्न विचारले. यावलीचे तुकडोजी महाराजही खंजिरीवर व्यसनाविरुद्ध गात गावे हिंडले. आता आपण दोघांचे पुतळे केले आहेत. जयंतीला हार घालतो आणि हार घालून झाल्यावर दोन माणसे दुकानाकडे वळतात, हेही पारावरूनच दिसते.

पान सुटले, फूल अडकले

देवावरून गाडी महादेवावर आली. एक उमदा तरुण शेतकरी म्हणाला, "सायेब, महादेवाच्या फोटोत चिलीम चालते. शिवरात्रीले भांग चालते. माया धुऱ्यावर एक झाड उगवलं त मले जेल. हा कोनता न्याय?"

हा प्रश्न विनोदाचा नाही. त्याचे उत्तर मला नोकरीमुळेच पाठ आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे वा फळाचे शेंडे. नुसती पाने आणि बी, शेंडे बरोबर नसतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग सुटते. झाड एकच, पान सुटले, फूल अडकले. पण शेतकऱ्याने या फटीत पाय घालू नये. झाड लावणे हाच गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुरीच्या ओळीत दडवले तरी शिक्षा कमी होत नाही. आपल्या जमिनीत दुसऱ्याने लावल्याचे कळले तर लगेच खबर देणे हेही जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून गप्प राहणाऱ्यालाही शिक्षा आहे. एवढे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

पूर्वी असे नव्हते. मेळघाट ओलांडला की निमाड लागतो. तिथे खंडव्याकडे इंग्रजी अमदानीत गांजाचे पीक परवान्याने निघत असे. १८९३ साली सरकारने भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला. त्याचा निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्यास फारसा अपाय दिसत नाही, अतिरेक करणाऱ्यास होतो. सरसकट बंदी करू नये, कर आणि परवाना ठेवावा. मी गांजाची तरफदारी करीत नाही. कोवळ्या वयातल्या पोरांची डोकी त्याने बिघडतात, हे आज डॉक्टर स्पष्ट सांगतात. पण तेव्हा राज्यकर्त्यांनी निदान साक्षी घेऊन विचारले तरी, की याने किती नुकसान होते?

आज तसे कोणी विचारीत नाही, म्हणून शेतकऱ्याला चेष्टा सुचते. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी रीतसर अर्ज करून मागितली. कोणत्याच पिकाला धड भाव नाही, असे त्याचे म्हणणे. लोक हसले. माझ्यासारख्या पीक सल्लागाराला मात्र हसू आले नाही. माणूस असा अर्ज लिहितो, तेव्हा त्यात गांजापेक्षा कापसाचे आणि कांद्याचे दुःख जास्त असते.

झाडावरची आणि ट्रकमधली

पाराच्या कडेला एक कोरकू गडी बसलेला होता. मेळघाटातून हंगामाला खाली येतो, बोलतो कमी. त्या दिवशी मात्र बोलला. "आमची दारू झाडावरून पडते. तुमची ट्रकमधून येते. पोलीस आमचं मडकं फोडते, तुमच्या ट्रकले रस्ता देते."

यावर उत्तर देणे सोपे नाही. मोहाचे फूल डोंगरातल्या लोकांचे अन्न आहे, औषध आहे आणि लग्नात, पूजेत लागणारी दारूही आहे. फुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्रात २०२१ मध्ये उठले. डोंगरापलीकडे मध्य प्रदेशाने आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा म्हणून विकण्याचे धोरण आणले. आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि कारण दिले, फळे पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे भले. त्यावर मोठा गदारोळ झाला. तरुण शेतकरी म्हणाला, "द्राक्षाच्या दारूनं शेतकऱ्याचं भलं होते, त मोहाच्या काहून नाई?"

बुवांनी यावर कडी केली. "अरे, ज्या कायद्याचं नावच दारूबंदी, त्याच कायद्यानं दुकानाचा परवाना भेटते. तुमी काय इचारता!" बुवांचे बरोबर आहे. १९४९ चा तो दारूबंदीचा कायदा अजून चालू आहे आणि देशीच्या दुकानाचा परवाना त्याच्याखालीच मिळतो. गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. तो कुठल्या पानठेल्यावर मिळत नाही, ते दाखवा. खर्रा घोटणाऱ्या पोरांचे तर वयही विचारू नये.

मग उपाय सरसकट बंदी? वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली केली आणि २०२१ साली उठवली. बंदीने दारू मिळायची कमी झाली की चोरून मिळू लागली, यावर दोन्ही बाजूंनी वाद होतात. मला वाटते, वरून लादलेली बंदी आणि गावाने मागितलेली बंदी यांत फरक आहे. मेळघाटासारख्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. खाली मैदानात बायांना मतदानाचा मार्ग आहे. तो किती चढाचा आहे, ते आता सांगतो.

मेलेल्या बायांची मते

आम्ही एवढे बोलत होतो तेव्हा एक मावशी समोरून पाण्याची घागर घेऊन गेल्या. जाताना थांबून म्हणाल्या, "बोला, बोला. तुमचं बोलनं लय गोड असते. सह्या मांगाले आली होती, तवा कुठी होते सारे?"

पार गप्प झाला.

मावशींचा मोठा मुलगा दारूत गेला. वय चौतीस. तीन एकर जमीन आणि सोसायटीचे कर्ज मागे ठेवून गेला. कापसाचा चुकारा घरी न येता दुकानात जाई. तेराव्यानंतर मावशींनी वही घेतली आणि गावातले देशीचे दुकान बंद करण्यासाठी दारोदार हिंडल्या.

२००८ च्या आदेशाने घालून दिलेला नियम असा. गावातल्या महिला मतदारांपैकी निदान पंचवीस टक्के बायांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते पडली तर दुकान बंद.

नीट वाचा: झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त.

समजा, यादीत ६०० बाया आहेत. हव्यात ३०१. त्यांतल्या १३० वीटभट्टीवर, संत्रा तोडणीवर, माहेरी बाळंतपणाला गेलेल्या किंवा मरून गेल्या तरी नाव राहिलेल्या. उरल्या ४७०. त्यांतल्या ४०० मतदानाला आल्या. २९० जणींनी बाटली आडवी केली, ११० जणींनी उभी ठेवली. चारांतल्या जवळजवळ तिघी दुकानाविरुद्ध. तरी दुकान चालूच! न आलेली प्रत्येक बाई, मेलेलीसुद्धा, बाटली उभी धरते. आमदार निवडताना न आलेल्यांची मते कोणाच्याच खात्यात धरत नाहीत. ज्याला जास्त मते तो निवडून येतो. बाटलीला मात्र आमदारापेक्षा जास्त संरक्षण आहे. बुवा ऐकून म्हणाले, "म्हून त बाटली पक्ष बदलत नाई. तिले गरजच नाई!"

मावशींच्या गावात असेच झाले. पडलेल्या मतांत आडवी बाटली पुष्कळ पुढे होती आणि दुकान दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उघडले.

पारावरून ग्रामसभेकडे

मंडळी, पारावरचे बोलणे मला प्यारे आहे. त्यात देवाला, पुढाऱ्याला आणि साहेबालाही सूट मिळत नाही. मीही त्यात बरेचदा बोलणी खाल्ली आहेत. पण जो माणूस पारावर सरकारचा कायदा सोलून काढतो, तोच ग्रामसभेत भिंतीला टेकून बसतो. ज्या नशेवर तो विनोद करतो, तिचा हिशोब घरात चुलीपाशी बसलेल्या बाईला चुकवावा लागतो. गांजाचे पान, मोहाचे फूल, ट्रकमधली पेटी यांपैकी कोणाला किती सूट द्यावी, हे ठरवताना तिला विचारले पाहिजे. चुकारा कुठे जातो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

ज्या गावांना मतदान मागायचे आहे, त्यांनी तीन गोष्टी आधी कराव्यात. मतदार यादी घेऊन मयत आणि कायमच्या गेलेल्या बायांची नावे कमी करायला नमुना सात भरून द्यावा. मतदानाची तारीख तोडणीच्या, वेचणीच्या हंगामात येऊ नये म्हणून आधीच लेखी विनंती करावी. आणि पुरुषांनी त्या दिवशी म्हाताऱ्या, आजारी बायांना बैलगाडीने असो, मोटारसायकलने असो, केंद्रापर्यंत पोचवून द्यावे. मत त्यांनाच देऊ द्यावे.

परवा पुन्हा त्या गावी गेलो. सभा हरभऱ्यावरच्या मर रोगाची होती. ती आटोपल्यावर पाहिले, तर पाराच्या एका टोकाला मावशी मतदार यादी घेऊन बसल्या होत्या. त्यांना अक्षर नीट लागत नाही. टाळकरी बुवा चष्मा लावून एकेक नाव वाचीत होते आणि मावशी सांगत होत्या, "ही हाय. ही पुन्याले गेली. ही मेली बिचारी, तीन वर्स झाले."

बुवांनी पेन्सिलीने खूण केली आणि पुढचे नाव वाचले.