बनगावची पिंपे

कामात अडचण उभी राहिली, की आपण प्रथम अधिकारी माणूस शोधतो आणि तो येईपर्यंत काम थांबते. पण थांबण्यास अवधी नसेल आणि जाणकार माणसे दोनच असतील, तर काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर 1971 साली कलकत्त्याच्या परिसरात मिळाले.

बांगलादेशाच्या मुक्तियुद्धामुळे लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेवरील बनगावात त्यांच्यात पटकीची साथ पसरली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातील केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस आपले पथक घेऊन जूनमध्ये तेथे गेले. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रोगी जमिनीवर पडले होते. शिरेतून सलाईन देणे हा मान्य उपचार; पण तो देण्याचे शिक्षण पथकातील दोघांनाच होते, आणि सलाईनही पुरे पडत नव्हते.

ग्लुकोज सोबत असेल तर पटकीतही आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे संशोधकांना तोवर ठाऊक झाले होते. मात्र हे पाणी तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून, सामान्य माणसांच्या हातून पाजावे, हे धाडसच होते. महालनबीसांनी ते केले.

त्यानंतर कामाची वाटणी कशी झाली, तेच पाहण्यासारखे आहे. कलकत्त्याच्या केंद्रातील ग्रंथालयाची खोली म्हणजे एक छोटा कारखाना झाला. कोणी ग्लुकोज तोलावे, कोणी मीठ, कोणी खाण्याचा सोडा. कोणी गरम इस्त्रीने प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे बंद करावी. बनगावात ही पूड पाण्यात कालवून तोटीच्या पिंपांत भरली जाई. पिंपावर अक्षरे असत, ‘ओरल सलाईन’. सलाईन म्हटले की लोकांचा विश्वास बसे! रोग्यांचे आप्त पेले भरून नेत आणि पाजत. अत्यवस्थ रोग्यांना प्रथम शिरेतून सलाईन द्यावे लागेच. त्यांच्याकडे लक्ष देण्यास डॉक्टरांचे हात आता मोकळे झाले.

गटाने आपले काम आपणच सांभाळणे म्हणजे सारे मोकाट सोडणे, असा समज पुष्कळांचा असतो. येथे तसे नव्हते. मिश्रणाचे प्रमाण काटेकोर ठरलेले होते. त्यात कोणाचे मत विचारात घेतले जात नव्हते. पण पेला पुन्हा केव्हा भरावा, हे रोग्याची तहान आणि उशाशी बसलेल्या आईची नजर ठरवी. उशाशी बसलेल्या माणसाला जे दिसते, ते दिवसाकाठी एकदा फेरी घालणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही. कोणता निर्णय कोणाच्या हाती द्यावा, याची निवड मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अवघड वाटते.

दोन महिन्यांत सुमारे 3,700 रोग्यांवर असे उपचार झाले. पूर्वी शेकडा 30 पर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा 3.6 वर आले. लिटरभर पाण्याला खर्च आला 11 पैसे.

तरीही अनेक तज्ज्ञांनी मान डोलावली नाही. या कामाचा अहवाल प्रसिद्ध व्हायला 1973 साल उजाडले. महाराष्ट्रात ‘जलसंजीवनी’ या नावाने घरोघरी परिचित झालेली पुडी त्याच जातीची आहे.