रॅम भरलेली दिसतेय? घाबरू नका, आधी ‘अव्हेलेबल’चा आकडा पाहा

कोणताही मोठा प्रोग्रॅम सुरू नाही, तरी १६ जीबी रॅमपैकी ‘फ्री’ फक्त काहीशे एमबी! लिनक्स सर्व्हरवर हा आकडा पाहून अनेकांना धडकी भरते. काही जण तर लगेच नवी रॅम मागवतात. पण बहुतेक वेळा ही रॅम वाया गेलेली नसते, कामाला लावलेली असते. नेमकं काय घडतं, समजून घेऊया.

पेज कॅश म्हणजे काय?
रॅमच्या तुलनेत डिस्क फारच हळू असते. म्हणून एकदा वाचलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजेच कर्नल, रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतो. तीच फाइल पुन्हा लागली की डिस्कपर्यंत जावं लागत नाही. एखाद्या प्रोग्रॅमला रॅम हवी असेल, तर कर्नल ही जागा मोकळी करतो. अँड्रॉइडही लिनक्स कर्नलवरच चालतं, त्यामुळे तुमच्या फोनमध्येही हेच होतं.

रॅम खरंच कमी आहे, हे कसं ओळखायचं?
‘फ्री’ ही कमांड चालवा आणि ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहा. कर्नलमध्ये हा अंदाज २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीपासून मिळू लागला. तो आकडा पुरेसा असेल, तर काळजी नको. तो अगदी तळाला असेल आणि ‘व्हीएमस्टॅट’ कमांडमध्ये स्वॅपची ये-जा सतत दिसत असेल, तर मात्र रॅम अपुरी आहे.

कॅश रिकामी करावी का?
‘ड्रॉप कॅशेस’ ही सोय आहे, पण ती चाचणीपुरती. रोज वापरली, तर त्याच फाइल्स पुन्हा डिस्कवरून आणाव्या लागतात आणि सर्व्हर उलट मंदावतो.

मग धोका कुठे आहे?
धोका फाइल लिहिताना असतो. कॉपी केलेला डेटा आधी रॅममध्ये जातो, डिस्कवर नंतर. लिहायच्या बाकी असलेल्या या भागाला ‘डर्टी पेजेस’ म्हणतात. त्यामुळे स्क्रीनवर कॉपी पूर्ण दिसली, तरी काम संपलेलं नसू शकतं. समजा, १ जीबी डेटा बाकी आहे आणि पेनड्राइव्हचा वेग सेकंदाला १० एमबी आहे, तर आणखी सुमारे १०० सेकंद लागतील. त्याआधी पेनड्राइव्ह ओढून काढला, तर फाइल अर्धवट राहते.

काय कराल?
पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘सिंक’ कमांड द्या आणि ती पूर्ण होऊ द्या, किंवा ‘इजेक्ट’ करून सूचनेची वाट पाहा. मगच पेनड्राइव्हला हात लावा.