मुळांची लांबी आणि पानांचा रंग

शीव कोळीवाड्यातील एखाद्या जुन्या भिंतीत पिंपळ उगवला, की त्याची पाने सर्वांना दिसतात. विटांच्या सांध्यांतून मुळे कुठवर गेली, ते मात्र भिंत पाडल्यावरच कळते. शेतातील पिकाचेही तसेच. मूळ पाहण्यासाठी रोप उपटावे, तर त्याची वाढ तेथेच संपते. आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईस आले. पाऊस ओढ देतो तेव्हा खोल मुळांचे वाण अधिक तग धरते. म्हणून मूळ मोजणे ही आपल्या घरचीच गोष्ट आहे.

बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत दुष्काळ, उष्णता व क्षार यांना पिके कशी तोंड देतात याचा अभ्यास चालतो. रोपाला धक्का न लावता छायाचित्रांवरून त्याची वाढ मोजण्याची सोय तेथे आहे.

मुळांसाठी एक बाजू काचेची असलेली पेटी घेतात. ती किंचित कलती ठेवली, की मुळे काचेला लागून उतरतात. एरवी काच झाकलेली असते. ठराविक अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतात. संगणक मूळ पांढरे व माती काळी करतो, मुळाची जाडी सोलून एका ठिपक्याची रेघ उरवतो आणि ठिपके मोजतो. तिरप्या ठिपक्यास सरळ ठिपक्याच्या सुमारे १.४१ पट धरावे लागते. दोन मुळे एकमेकांवर आली तर यंत्रही फसते.

रंगाचे गणित याहून नाजूक. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा असे ० ते २५५ मधील तीन आकडे असतात. हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषते. नत्र कमी पडले, की खालच्या जुन्या पानांतील हरितद्रव्य घटते आणि तांबडा आकडा चढू लागतो. परंतु सकाळचे आणि संध्याकाळचे ऊनही हे आकडे बदलते. म्हणून प्रत्येक छायाचित्रात तोच पांढरा कागद ठेवून तुलना करतात. साधन तपासल्याविना पुरावा मानू नये, हे आम्हा इतिहासाच्या माणसांना नवे नाही.

यासाठी वापरली जाणारी ‘इमेजजे’ ही संगणक-प्रणाली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रासबँड यांनी १९९७ साली तयार केली. ती विनामूल्य आहे. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान नाही, ही सबब आपल्या मुलांना फार काळ ऐकवली गेली. ओल्या टिपकागदावर मूग, शेजारी मोजपट्टी आणि एक साधा मोबाईल एवढ्यावर वसतिगृहातही आरंभ करता येईल. वहीत मात्र आकड्याशेजारी वेळ, अंतर व प्रकाश यांची नोंद हवीच.