मूत्रपिंड आणि त्याचे यंत्र

मूत्रपिंडे असतात पोटाच्या पोकळीच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून, कण्याच्या दोन्ही अंगांना. उजवीकडची जागा यकृताने अडवलेली, म्हणून उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते. लांबी साधारण ११ सेंटिमीटर, आकार राजम्याच्या दाण्याचा. दोन्हींचे वजन शरीराच्या जेमतेम अर्धा टक्का भरते, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा तिकडे वळतो. एवढे रक्त पोषणासाठी लागत नाही. ते येते साफ होण्यासाठी.

हे काम प्रत्येक मूत्रपिंडातल्या सुमारे दहा लाख सूक्ष्म नलिका करतात. नलिकेच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता असतो. तिथे रक्तपेशी आणि मोठी प्रथिने अडतात. पाणी, क्षार, साखर, युरिया असे सगळे पाझरते. दिवसभरात असा १८० लिटर द्रव गळतो. लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. बाकीचे सगळे नलिका परत रक्तात ओढून घेतात. त्यामुळे मूत्रपिंडाला नुसती गाळणी म्हणणे अपुरे आहे. दिवाळीच्या साफसफाईत सगळे सामान अंगणात काढून कामाचे तेवढेच आत न्यावे, तशी ही रीत. वरवर उधळपट्टीची, पण शहाणपणाची: टाकाऊ पदार्थ ओळखत बसावे लागत नाही, जे परत घेतले नाही ते गेले. साखर मात्र एरवी पूर्ण परत घेतली जाते. रक्तात तिचे प्रमाण डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की नलिका कमी पडतात आणि ती लघवीत उतरते. ‘मधुमेह’ हे नाव त्यावरूनच पडले.

मूत्रपिंड बंद पडल्यावर त्याची जागा घेऊ शकेल असे पहिले उपयोगी यंत्र विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, काम्पेन गावी उभारले. सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाला गुंडाळली होती. पिंप खारट पाण्याच्या टबात फिरे आणि नळीतल्या रक्तातला युरिया पाण्यात उतरे. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि जगली.

पुढची अडचण शिरांची होती. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे उपचार काही दिवसच चालत. १९६०मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली. १९६६पासून मनगटाजवळची धमनी शिरेला जोडण्याची पद्धत आली. तोच आजचा फिस्टुला. त्यावर बोट ठेवले की रक्ताची थरथर जाणवते.

या उपचाराला डायलिसिस म्हणतात. त्याच्या आजच्या यंत्रातल्या गाळणीत, म्हणजे डायलायझरमध्ये, रक्त वाहून नेणारे हजारो पोकळ तंतू असतात. रुग्ण सहसा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडलेला असतो, आणि दर खेपेला सुमारे १२० लिटर शुद्ध द्रव तंतूंबाहेरून वाहतो. निवडून परत घेणे यंत्राला जमत नाही. म्हणून त्या द्रवातच सोडियम, कॅल्शियम, ग्लुकोज आधी मोजून मिसळतात, म्हणजे रक्तातले ते जरुरीपेक्षा जास्त निघून जात नाही. लाल पेशी तयार करायला लावणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही मूत्रपिंडच बनवते. ते यंत्र देत नाही, त्यामुळे डायलिसिसवरच्या बहुतेक रुग्णांना त्याचे इंजेक्शन वेगळे घ्यावे लागते.