शिंपल्यांतील ‘जाती’

मालवणी मुलखात आणि गोव्यात ज्यांना ‘शिनाणे’ म्हणतात, त्यांनाच उत्तर केरळात ‘कल्लुमक्काया’ म्हणतात. प्राणी एकच, हिरव्या शिंपल्यांचा, दोऱ्यासारख्या तंतूंनी खडकाला चिकटून राहणारा. ही दोन्ही नावे खरी आहेत, कारण त्या त्या किनाऱ्यावरील माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहेत. परंतु मालवणचा आणि कण्णूरचा मनुष्य एकाच प्राण्याविषयी बोलत आहेत, हे परस्परांना कळावे कसे? शास्त्रीय नावाची गरज येथे निर्माण होते.

स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली प्रसिद्ध झाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ त्याच वर्षापासून धरतात. शिनाण्याचे नाव ‘पर्ना व्हिरिडिस’. त्यातील पहिला शब्द प्रजाती सांगतो, तर दोन्ही शब्द मिळून जाती सांगतात. ‘व्हिरिडिस’ म्हणजे हिरवा. प्रजातीच्या वर ‘मायटिलिडी’ हे कुल, त्याच्या वर दोन शिंपा असलेल्या प्राण्यांचा वर्ग आणि त्याच्याही वर मृदुकाय प्राण्यांचा संघ. कालवे आणि तिसऱ्याही याच वर्गातल्या. त्यांची कुले मात्र निराळी आहेत.

हे नाव पूर्ण लिहिताना ‘पर्ना व्हिरिडिस (लिनियस, १७५८)’ असे लिहितात. येथील कंसाला अर्थ आहे. लिनियस यांनी हा प्राणी ‘मायटिलस’ या प्रजातीत ठेवला होता. मायटिलसमध्ये शिंपा मिटणारा एक लहान स्नायू पुढच्या बाजूस असतो. पूर्ण वाढलेल्या पर्नामध्ये तो नसतो. प्राण्याची प्रजाती पुढे बदलली, हे कंस सांगतो. चूक दुरुस्त झाली, तरी पहिल्या नामकर्त्याचे ऋण पुसले गेले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरील तपकिरी शिनाण्यांना १९७६ साली नवी जाती मानून ‘पर्ना इंडिका’ हे नाव देण्यात आले. पुढे जनुकांची तुलना झाली, तेव्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या ‘पर्ना पर्ना’हून ती वेगळी नाही, असे दिसून आले. एकाच जातीला दोन नावे पडली असतील, तर सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरतात. नाव देणारा कोण, कोणत्या देशाचा, याला येथे महत्त्व नाही.

मराठीत या शास्त्रीय एककाला आपण ‘जाती’ म्हणतो. हा शब्द आपल्या समाजाने फार वेगळ्या अर्थाने भोगला आहे, म्हणून त्यातील अंतर मुलांना स्पष्ट सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. शिंपल्यांची जाती शरीरलक्षणांवरून ठरते, पुराव्याने बदलते आणि तिच्यात उच्चनीच नसते. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात तथागतांनी हेच दाखवून दिले आहे: वनस्पती, कीटक, मासे, पक्षी यांच्यात जातीपरत्वे लक्षणे निरनिराळी असतात, माणसामाणसांत तशी नसतात. माणसांची जाती एकच.

बाजारात शिंपले दिसले, तर मुलांना ते उघडून आतून पाहू द्यावेत. घरातले नाव आधी सांगावे, शास्त्रीय नाव नंतर. दोन्ही त्यांचीच आहेत.