झेंडा रंगवला की झालं?

देशांच्या थीमवरच्या लिमिटेड एडिशन गिटार्स दिसायला एकदम झकास. पण देश गिटारवर नेमका असतो कुठे? रंगात, आवाजात की लाकडात?

समजा, सोमवारच्या मीटिंगमध्ये तुमच्या हातात ब्रीफ पडलं. पाच देश, पाच इलेक्ट्रिक गिटार्स, प्रत्येकीचे फक्त शंभर नग, मागे नंबर कोरलेले. तुमच्या वाट्याला आलाय भारत. लंचपर्यंत डोक्यात काय काय येईल? तिरंगा, मोर, ताजमहाल. जरा हटके विचार करणारे असाल तर वारली किंवा ट्रकच्या मागचं पेंटिंग. झालं काम, चला चहाला!

थांबा बॉस. एवढं सोपं असतं तर गिटारच्या दुकानात आणि विमानतळावरच्या फ्रिज मॅग्नेटच्या स्टॉलमध्ये फरकच उरला नसता.

रंगाचा फंडा

एक गोष्ट खरी, इलेक्ट्रिक गिटार रंगवायला फार सोपी. अकूस्टिक गिटारचा आवाज तिच्या पोकळ पोटातून येतो. तिथे लाकडाची जाडी, आकार, पॉलिशचा थर, सगळंच सांभाळावं लागतं. इलेक्ट्रिकमध्ये तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर स्टीलची तार थरथरली की या गुंडाळीत वीज तयार होते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते आणि आवाज बाहेर पडतो. त्यामुळे लाकडाचा भरीव ठोकळा वाट्टेल त्या आकारात कापा, त्यावर वाट्टेल ते रंगवा, गिटार वाजतेच.

म्हणूनच झेंडेवाल्या गिटार्सचा इतिहास मोठा आहे. सगळ्यात गाजलेली बहुतेक नोएल गॅलघरची. एप्रिल १९९६ मध्ये मँचेस्टरच्या मेन रोड स्टेडियमवर ओएसिसचे शो झाले, तेव्हा त्याच्या गळ्यात युनियन जॅक रंगवलेली एपिफोन शेरेटन होती. पुढच्याच वर्षी एपिफोनने त्याच्या नावाची 'सुपरनोव्हा' बाजारात आणली. तिच्या रंगांमध्ये युनियन जॅक होता, आणि नोएलच्या लाडक्या मँचेस्टर सिटी क्लबचा आकाशी निळाही! फेब्रुवारी १९९७ मध्ये ब्रिट अवॉर्ड्सला स्पाइस गर्ल्सच्या जेरी हॅलिवेलने युनियन जॅकचा ड्रेस घातला होता. 'कूल ब्रिटानिया'चे ते दिवस. त्या माहोलात ती गिटार फिट्ट बसली.

पण झेंडा प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगत नाही. अमेरिकेचंच बघा. साठचं दशक संपता संपता कंट्री सिंगर बक ओवेन्सची लाल-पांढरी-निळी गिटार लोकप्रिय झाली. तिचा अर्थ सरळ होता, देशावर प्रेम. त्याच काळात डेट्रॉइटकडच्या एमसी५ या बँडचा वेन क्रेमर तारे-पट्ट्यांची स्ट्रॅटोकास्टर वाजवत होता. हा बँड व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभा असलेला. रंग तेच, पण इथे झेंडा सरकारला जाब विचारत होता. फेंडरने २०११ मध्ये क्रेमरच्या नावाची तशी स्ट्रॅटोकास्टर काढली. तोवर बंडखोरीसुद्धा कॅटलॉगमध्ये जाऊन बसली होती.

आता आपल्या तिरंग्याचं काय? इथे डिझायनरच्या आधी वकील गाठावा लागेल. १९५० च्या एम्ब्लेम्स अँड नेम्स कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय राष्ट्रध्वज धंद्यासाठी वापरता येत नाही. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानविषयक कायद्यात ध्वजावर काही लिहायला मनाई आहे, म्हणजे कंपनीचा लोगो गेला. शिवाय कमरेखाली घालायच्या कुठल्याही वस्तूवर ध्वज चालत नाही. आता रॉकस्टार लोकांची गिटार नेमकी कुठे लटकते ते आठवा!

थोडक्यात, भारताची गिटार करणाऱ्याला पहिल्याच दिवशी झेंड्याच्या पलीकडे विचार करावा लागतो. खरं तर हे त्याच्या पथ्यावरच पडतं.

पहिलीच गिटार 'परदेशी'

कारण रंगाशिवायही देश गिटारमध्ये शिरतो, आणि अगदी पहिल्यापासून शिरत आलाय. कारखान्यात तयार होऊन विकली गेलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार १९३२ ची. पुढे रिकनबॅकर म्हणून प्रसिद्ध झालेल्या कंपनीची. ॲल्युमिनियमचं गोल पोट आणि लांब मान, त्यामुळे लोकांनी तिचं नाव ठेवलं 'फ्राइंग पॅन'. ती रॉकसाठी नव्हतीच, रॉक तेव्हा जन्मालाही आला नव्हता. ती होती हवाई बेटांच्या संगीतासाठी.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईयन संगीताचं वेड लागलं होतं. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. सूर कसा घरंगळत येतो. अडचण एकच, बँडच्या गोंगाटात हा नाजूक आवाज ऐकूच यायचा नाही. या गरजेतून जॉर्ज बोशँपने पिकअप बनवला. नारळाची झाडं रंगवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. त्या संगीताला काय हवंय, तेवढं विचारलं आणि नवं वाद्य हाती आलं.

ही गिटार भारतात आली आणि इथलीच झाली. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांनी हिंदी फिल्मी गाणी हवाईयन गिटारवर वाजवली. बाबांच्या जुन्या कॅसेट्सचा खोका उघडून बघा, एखादी नक्की सापडेल. आपल्या गाण्यातली मींड या गिटारवर अलगद निघते. नातं जुळलं ते तिथे.

जवारी, पण प्लास्टिकची

मग भारताची थीम घेऊन कुणी इलेक्ट्रिक गिटार बनवलीच नाही का? बनवली की! १९६५ मध्ये बीटल्सच्या गाण्यात जॉर्ज हॅरिसनची सतार वाजली आणि स्टुडिओवाल्यांना सतार हवीशी झाली. पण सतारिये आणायचे कुठून? न्यूयॉर्कचा सेशन गिटारिस्ट व्हिन्सेंट बेल याने डॅनइलेक्ट्रो कंपनीबरोबर तोडगा काढला. १९६७ ची 'कोरल इलेक्ट्रिक सितार'. नेहमीच्या सहा तारा, शेजारी तरफांसारख्या १३ जादा तारा, आणि मुख्य म्हणजे तार झणझणावी म्हणून सपाट केलेला प्लास्टिकचा ब्रिज.

मिरजेतल्या कारागिराला हे दाखवलं तर तो हसून म्हणेल, ही तर जवारी! सतारीच्या किंवा तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानाने ऐकत ऐकत घासायचा, तार त्याला हलकीशी चाटून गेली पाहिजे. त्यातून तो भरदार, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा नाद येतो. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं हे काम चाललंय. एकेकाळी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ते सुरू केलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅगही मिळाला.

कोरल सितार हिट झाली. स्टीव्ही वंडरच्या १९७० च्या आणि स्टीली डॅनच्या १९७२ च्या गाण्यांमध्ये ती आहे. नाव माहीत नसलं तरी आवाज तुम्ही ऐकलेला असणार. पण तिची एक मर्यादा होती. सतारीचे पडदे वर उचललेले आणि कमानदार असतात, म्हणून एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच सूर काढता येतात. कोरलचा फ्रेटबोर्ड गिटारचाच. झणझणाट आला, मींड राहिली. टुरिस्टाच्या 'नमस्ते'सारखं, पहिला शब्द झक्कास आणि पुढचं वाक्य गायब.

दोन पडद्यांमधली जागा

ते पुढचं वाक्य बोलायचा प्रयत्न केला जॉन मॅकलॉक्लिनने. हा इंग्लिश गिटारिस्ट वीणा शिकलेला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याने झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' सुरू केला. त्यासाठी गिब्सनने त्याला खास अकूस्टिक गिटार बनवून दिली. सहा तारांच्या खालून तिरक्या जाणाऱ्या सात जादा तारा, आणि फ्रेटबोर्ड दोन पडद्यांच्या मधे खोलगट कोरलेला. बोटाखाली लाकूडच लागत नाही, त्यामुळे तार वीणेसारखी ओढता येते. पुढे हा कोरलेला फ्रेटबोर्ड त्याने इलेक्ट्रिक गिटारवरही घेतला. अर्थात फुकट काही मिळत नाही. अशा गिटारवर बोट जरा जोरात दाबलं की सूर चढतो, म्हणजे हात नव्याने तयार करावा लागतो. 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट' या अल्बमला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले.

अलीकडचं उदाहरण हवंय? ऑस्ट्रेलियातल्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडने तुर्की बालामा या वाद्यावरून प्रेरणा घेऊन एक पिवळी गिटार बनवून घेतली. तिच्यात नेहमीच्या पडद्यांच्या मधेमधे जादा पडदे बसवले, म्हणजे दोन सुरांच्या मधले सूरही मिळावेत. २०१७ चा त्यांचा 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना' हा अल्बम याच गिटारच्या नावाचा. तिच्यावर तुर्कस्तानचा चंद्र नाही की तारा नाही. पण दोन सूर वाजले की कळतं, हा मामला वेगळ्या गावचा आहे.

भारत तर आधीच आहे

आता खरी गंमत. कुठल्याही गिटारच्या दुकानात जा आणि ज्यावर बोटं फिरतात तो गडद तपकिरी फ्रेटबोर्ड बघा. अनेकदा तो इंडियन रोझवूडचा असतो. इंडियन रोझवूड म्हणजे आपली शिसव! आजोळच्या घरातला शिसवी झोपाळा आठवतोय ना, तीच. सह्याद्रीपासून केरळ-तामिळनाडूपर्यंतच्या जंगलातलं हे झाड. आधी गिटारवाल्यांचा जीव ब्राझीलच्या रोझवूडवर होता. ते मिळेनासं झालं तसे ते भारताकडे वळले. मार्टिन या नामांकित अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या रोझवूड गिटार्ससाठी भारतीय लाकूड घ्यायला सुरुवात केली.

या लाकडावरून एकदा चक्क धाडी पडल्या. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसमधल्या कारखान्यांतून भारतातून आलेल्या रोझवूड आणि एबनीच्या पट्ट्या जप्त केल्या. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेलं लाकूड अमेरिकेत आणणं हा तिथे २००८ पासून गुन्हा आहे. भारताचा कायदा म्हणतो, कच्चं कापलेलं लाकूड बाहेर पाठवायचं नाही, पक्की वस्तू करून पाठवा. मग फ्रेटबोर्डची पट्टी कच्ची की पक्की? वाद याचाच. २०१२ मध्ये समझोता झाला. मादागास्करच्या एबनीचं आधीचं प्रकरणही होतंच. गिब्सनने ३ लाख डॉलर दंड भरला, ५० हजार डॉलर निसर्गसंवर्धनासाठी दिले. भारतीय लाकूड परत मिळालं.

यावर गिब्सनने काय करावं? २०१३ मध्ये लिमिटेड एडिशन काढली! नाव 'गव्हर्नमेंट सीरिज'. फिक्या खाकी रंगाच्या गिटार्स, त्यावर सोनेरी शिक्का आणि सरकारकडून परत आलेल्या लाकडाची गोष्ट. भारताची थीम म्हणून ती कुणी विकली नाही. पण थीममागचं लाकूड आपलं होतं, कायदा आपला होता.

पुढे २ जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांखाली आल्या. गिटार सीमेपार पाठवायची तर कागदपत्रं. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच मॉडेल्सवर रोझवूडऐवजी दक्षिण अमेरिकेतलं पाऊ फेरो वापरायला सुरुवात केली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडावरचे नियम मात्र राहिले.

तेव्हा भारताच्या त्या शंभर गिटार्स बनवायच्याच असतील तर मोराला सुट्टी द्या. जवारीसाठी मिरजेच्या माणसाला विचारा, त्याचं नाव सर्टिफिकेटवर छापा. फ्रेटबोर्ड कोरा, मींड निघू द्या. आणि शिसव कुठल्या जंगलातली, कुठल्या लिलावातली, हे मागच्या बाजूला नंबरशेजारी लिहा. झेंडा रंगवण्यापेक्षा हे काम कितीतरी किचकट आहे. पण गिटार हातात घेणाऱ्याला मग विचारावं लागणार नाही, की ही कुठली म्हणून.

लिमिटेड एडिशन घेताय? आधी हे विचारा

१. 'लिमिटेड' म्हणजे किती? कधी ठरावीक नग असतात, कधी नुसतं 'या वर्षापुरतं' असतं. नंबर आणि सर्टिफिकेट मागून घ्या.

२. रंग सोडून वेगळं काय? पिकअप, मान, ब्रिज नेहमीच्या मॉडेलचेच असतील तर जादा पैसे तुम्ही पेंटचे देताय.

३. फ्रेटबोर्ड कुठल्या लाकडाचा? परदेशी जाताना किंवा पुढे विकताना हे उत्तर कामी येईल, बिल जपून ठेवा.

४. वाजवणार की भिंतीवर टांगणार? मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड दमट होऊन मान वाकते. हार्ड केस, आत सिलिका जेल आणि वर्षातून एकदा सेटअप, एवढं तरी कराच. आणि अधूनमधून वाजवा हो, एवढे पैसे मोजलेत!