गर्भ पडला, तेव्हा बापाचे काय?

गोठ्यातली म्हैस गाभडली तर आपल्याकडचा शेतकरी ती गोष्ट चार जणांना सांगतो. गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. चारा बदलला होता का, कुठे घसरली का, याचा काथ्याकूट होतो, शेजारी येऊन हळहळतात. त्याच माणसाच्या बायकोचा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, तर मात्र तो तोंडातून शब्द काढीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सोडायला शेतावर हजर. ही तुलना कोणी वाईट मानू नये. घरोघर जाताना आम्ही जे पाहतो, तेच लिहीत आहोत.

बाईच्या जिवावरचे दुखणे असते. तिला विश्रांती हवी, दोन बायका जवळ बसायला हव्यात, हे बरोबरच आहे. पण पुरुषाला जो तो एकच विचारतो, “तिची तब्येत कशी आहे?” आम्हीही तेच केले. लावणीच्या दिवसांत एका घरी गेलो, बाईसाठी प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. नवरा अंगणापर्यंत पोचवायला आला आणि खाली बघत म्हणाला, “फादर, बाप्तिस्मा झाला नव्हता. मग बाळ गेलं कुठं?” तेव्हा कळले, की गाडी ठरवणे, दवाखान्याचे पैसे भरणे आणि फडक्यात गुंडाळलेले ते इवलेसे आणून पुरणे, हे सारे त्याने एकट्याने केले होते.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जुन्या माणसांनी ‘लिंबो’ हा शब्द ऐकलेला आहे. तो ख्रिस्तसभेचा श्रद्धासिद्धांत कधीच नव्हता. १९६९ च्या अंत्यविधीच्या ग्रंथात बाप्तिस्म्याआधी वारलेल्या बालकासाठीही विधी दिलेला आहे. १९९२ चा धर्मशिक्षण-ग्रंथ अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो. २००७ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मपंडित मंडळाने या विषयावर एक पूर्ण लेखच प्रसिद्ध केला आणि ती तारली जातात अशी आशा धरायला सबळ आधार आहे, असे सांगितले. बापाने रात्र रात्र जागून या भीतीत जळू नये.

दुसरी टोचणी अपराधाची. ‘मी तिला मोटारसायकलवरून नेले’, ‘आदल्या रात्री भांडलो’, ‘लावणीला नको म्हणायला हवे होते’. दिवस गेल्याचे कळल्यानंतर दर १०० पैकी साधारण १० ते २० गर्भ टिकत नाहीत आणि त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत जातात. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतच चूक झालेली असते. नेहमीची कामे, बसचा प्रवास, भांडण किंवा पतिपत्नींचा संबंध यांमुळे गर्भ सहसा पडत नाही. म्हणून सासूने सुनेला बोल लावू नये, आणि आई बोल लावीत असेल तर मुलाने गप्प बसू नये. तिथे गप्प बसणे म्हणजे आईच्या बोलण्याला होकार देणे होय.

पुरुषाचे दुःख रडण्यातून क्वचितच बाहेर येते. तो कामाला जुंपून घेतो, बारीकसारीक गोष्टीवर ओरडतो, जेवण कमी होते, झोप उडते. काहींचे पाय दारूच्या गुत्त्याकडे वळतात. आपणच मोडलो तर हिला कोण सांभाळणार, असे त्याला वाटते. बायकोला मात्र वाटते, याला काहीच वाटले नाही. दोघे एकाच घरात, एकाच दुःखात, आणि एकमेकांपासून लांब! यावर मोठे भाषण नको. “मलाही ते बाळ आठवते,” एवढे एक वाक्य अंधारात बोलले तरी पुष्कळ. ज्याला तेही जमत नाही, त्याने तिच्याबरोबर पुरलेल्या जागेवर जाऊन यावे. मित्रांनी “अजून तरुण आहात, होईल दुसरे” म्हणण्याऐवजी एक दिवस त्याच्या शेतावर कामाला यावे.

महिना-दोन महिने झाले तरी झोप नाही, पिणे वाढले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही.

नवऱ्याने दवाखान्यात विसरू नये अशी एक गोष्ट म्हणजे पत्नीचा रक्तगट. तो आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे विचारावे. ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते. घरी आल्यावर अंगावरून फार जाऊ लागले, ताप आला किंवा दुर्गंधी आली, तर सकाळची वाट पाहू नये.

आणि पुन्हा गोठ्याकडे. गाभडलेल्या जनावराचा गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नये. गरोदर बाईने तर जवळही जाऊ नये. ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे जनावरे गाभडतात. तोच जंतू माणसात ताप, सांधेदुखी आणतो, पुरुषांच्या अंडाला सूज आणतो आणि स्त्रीचा गर्भही पाडू शकतो. ते सगळे चुना घालून खोल पुरावे, दूध उकळूनच प्यावे. कालवडी आणि रेड्या ४ ते ८ महिन्यांच्या असताना त्यांना यावरची लस टोचून घ्यावी.

२ नोव्हेंबरला दफनभूमीत मिस्सा होईल, तेव्हा अशा बाळांचीही नावे घेऊ. ज्यांना हवे असेल त्यांनी आदल्या रविवारी सांगावे. सांगायला बाप आला तरी चालेल. नाव ठेवलेले नसेल, तर आईबापांची नावे पुरेत.